चुन्याच्या निवळीवर वाढलेला प्रवाळ

शेवंताबाई सुरवाडे यांची नोकरी पाण्यातला चुना काढायची. दीपनगरच्या वीज केंद्रात त्या केमिस्ट होत्या. तापीचं पाणी बॉयलरमध्ये जाण्याआधी त्यातला क्षाराचा कण न् कण काढून टाकावा लागतो. नाहीतर नळ्यांच्या आतून दगडासारखा थर बसतो, नळी तापते आणि फुटते. त्यामुळे दर दोन तासांनी नमुना घ्यायचा, ब्युरेटमधून त्यात रसायनाचा थेंब थेंब सोडायचा, रंग बदलला की आकडा लिहायचा. बारा वर्षं हे काम करताना त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. दुसऱ्या पाळीतल्या माणसाला एखाद्या नमुन्याची शंका आली, तर तो म्हणायचा, सकाळी सुरवाडे बाईंकडून पुन्हा करून घेऊ.

त्या मूळच्या बोदवडच्या. वडील रेल्वेत गँगमन होते. लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, तेव्हा बीएस्सीचं शेवटचं वर्ष बाकी होतं. सासूबाईंनी, म्हणजे भागाबाईंनी, त्यांना पुन्हा कॉलेजात पाठवलं. भागाबाई शिरपूरकडच्या. स्वतः अक्षर ओळखत नव्हत्या, पण सून प्रॅक्टिकलला गेली की तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन दिवसभर बसायच्या. नवरा आधार भुसावळात एका दवाखान्यात कंपाउंडर होता. बोलायला कमी, हाताला हलका. लहान मुलांना सुई टोचायची असली की लोक त्यालाच शोधत यायचे.

शहाऐंशी साली केंद्राने शेवंताबाईंना तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी तुतीकोरीनला पाठवलं. तिथलं वीज केंद्र अगदी समुद्राकाठी आहे. शेवंताबाईंनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्या रविवारी त्या किनाऱ्यावर गेल्या, तर होड्यांतून दगड उतरवत होते. हे ओले, भोकाभोकांचे दगड बैलगाड्यांत भरून चुनाभट्टीकडे नेत होते. एका गाडीतून एक दगड खाली पडला, तो त्यांनी उचलला. त्याच्यावर शेवाळी रंगाची मऊ साय होती आणि त्या सायीत कुळथाच्या दाण्याएवढी तोंडं आत ओढून घेतल्यासारखी मिटत होती. दगड जिवंत होता.

तिथे जवळच समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर त्या तिथे जाऊन धडकल्या. डॉक्टर सेल्वराज नावाचे शास्त्रज्ञ भेटले. मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत दोघांचं बोलणं झालं. सेल्वराजांनी समजावून सांगितलं की हा प्रवाळ. अंगठीत घालतात ते पोवळं वेगळं, हा दगडी प्रवाळ वेगळा. एवढासा मऊ जीव पाण्यातला चुना ओढून घेतो आणि स्वतःखाली दगड रचत जातो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला वाटा घरमालकाला देतं.

शेवंताबाई हे सगळं ऐकत राहिल्या. ज्या गोष्टीशी त्या बारा वर्षं झगडत होत्या, तीच गोष्ट हा जीव मनापासून करत होता. घरी, काचेच्या टाकीत, हा वाढवता येईल का, असं त्यांनी विचारलं.

सेल्वराज हसले. वाईट हसणं नव्हतं ते. आमच्या इथल्या टाक्यांतसुद्धा तो महिना-दोन महिने तगतो, म्हणाले, मग हळूहळू जातो. तुमचं गाव कुठे, किती तापतं? शेवंताबाईंनी सांगितलं, भुसावळ, मे महिन्यात सेहेचाळीस. सेल्वराजांनी मान हलवली. पाणी तिसाच्या वर चार दिवस राहिलं तरी हा जीव मरतो, तेव्हा विषय सोडा.

"मग मला आकडे सांगा," शेवंताबाई म्हणाल्या. "पाणी किती गरम चालेल, मीठ किती, चुना किती, ऊन किती तास. आकडे सांभाळणं हेच माझं काम आहे."

सेल्वराजांनी एका कागदावर आठ ओळी लिहून दिल्या.

परत आल्यावर त्यांनी आधारला कागद दाखवला. आधारने तो दोनदा वाचला आणि विचारलं, टाकी कुठे ठेवायची? मुलगी नुकतीच जळगावला नर्सिंग शिकायला होस्टेलवर गेली होती. पूर्वेकडची तिची खोली रिकामी होती आणि खिडकीतून सकाळचं ऊन तीन तास आत यायचं. ती खोली ठरली. टाकी साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. काच भुसावळातून आणली. लोखंडी टेबल जीवराम झोपे यांनी जोडून दिलं. जीवरामभाऊ केंद्रात उपकरणांचे फिटर होते, बोदवडजवळच्या केळीवाल्या घरातले, आणि शेवंताबाईंना माहेरच्या नात्याने अक्का म्हणायचे. समुद्रातली घाण लाटांवर फेस होऊन किनाऱ्याला लागते, असं अक्कांनी सांगितल्यावर त्यांनी जाड प्लास्टिकच्या पाइपात हवा सोडून फेस वर काढणारी एक नळीही बनवली. त्या फेसाबरोबर टाकीतली घाण वाटीत जमायची.

पाणी मात्र नळाचं चालणार नव्हतं. शेवंताबाईंनी रीतसर अर्ज लिहिला की प्रयोगशाळेतलं क्षारमुक्त पाणी आठवड्याला तीन कॅन घरी नेण्याची परवानगी मिळावी. कारणाच्या जागी लिहिलं, घरी समुद्राचं पाणी तयार करण्यासाठी. साहेबांनी अर्ज वाचून त्यांना बोलावून घेतलं आणि बराच वेळ विचारपूस केली. शेवटी सही केली आणि समुद्र तयार झाला की बघायला बोलवा म्हणाले. मग जळगावच्या रसायनांच्या दुकानातून पुड्या आल्या. साधं मीठ, मॅग्नेशियमची दोन मिठं, कॅल्शियम क्लोराइड, पोटॅशियम, सोडा. त्यांनी सहा दिवस बादलीबादलीने मोजून पाणी बनवलं.

भागाबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. सून या पाण्यात दगड वाढवणार आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "दगड वाढस का व कधी?"

"वाढतो, आत्याबाई. बघाल तुम्ही."

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात प्रवासाची सवलत घेऊन नवरा-बायको कन्याकुमारीला गेले आणि येताना तुतीकोरीनला उतरले. सेल्वराजांनी त्यांना किनाऱ्यावर नेलं. भट्टीच्या गाडीत भरायच्या ढिगाऱ्यातूनच शेवंताबाईंनी चार जिवंत तुकडे निवडले. एक मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा, एक बाभळीच्या काटकीसारखा, एक गोल गुळगुळीत आणि एक छोटा पसरट तुकडा, कडा वर वळलेला, पळसाच्या पानाच्या द्रोणासारखा. शिवाय जीवजंतूंनी भरलेले समुद्रातले काही दगड, कारण पाणी शुद्ध ठेवायचं काम ते करतात. सगळं झाकणाच्या दोन मोठ्या किटल्यांत. मद्रासला गाडी बदलली, इटारसीला पुन्हा बदलली. अडीच दिवस आधार त्या किटल्यांना बॅटरीवरच्या पंपाने हवा देत बसला. डब्यातल्या लोकांना वाटलं, किटलीत मासे असावेत. आधारने कोणाचंच म्हणणं खोडून काढलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळचं ऊन टाकीत आलं आणि द्रोणातून बारीक पिवळी फुलं बाहेर आली. फुलं कसली, ती त्याची तोंडं होती, फिरत्या पाण्यात हलणारी. भागाबाई तवा खाली उतरवून बघायला आल्या आणि पोळ्या राहून गेल्या.

उन्हाळा येऊ लागला तसे शेजारीपाजारी हळहळायला लागले. एप्रिलात पारा चव्वेचाळीसवर गेला. शेवंताबाईंनी खोलीच्या खिडकीला वाळ्याचा कूलर लावला आणि टाकीच्या तोंडावर एक टेबल फॅन आडवा सोडला. टाकीतला थर्मामीटर सत्तावीसवर थांबला. मे महिन्यात झळांनी बाहेर झाडाची पानं करपली तरी तो अठ्ठावीसच्या वर गेला नाही. पाणी मात्र रोज सात-आठ लिटर उडून जायचं आणि तितकंच भरावं लागायचं. सेल्वराजांच्या कागदावरच्या आठही ओळी पाळल्या जात होत्या. मृगाचा पाऊस पडला तेव्हा शेवंताबाईंनी मनात म्हटलं, झालं, अवघड ते सरलं.

पण अवघड ते पुढेच होतं. भाद्रपदात पावसाने उघडीप दिली, ऊन पडलं आणि हवेत दमटपणा राहिला. बाहेर चौतीसच अंश होते. त्यांना काळजी वाटली नाही. पण टाकीचं पाणी तीसवर गेलं, मग एकतीसवर. त्यांनी पंखा वाढवला, कूलर दिवसभर चालवला, तरी पारा हलेना. पाचव्या दिवशी बाभळीच्या काटकीवरची साय वितळल्यासारखी सुटून आली. मग मेंदूवाला पांढरा पडला. आठवडाभराने गोल तुकडाही गेला. द्रोण उरला, पण फिका पडलेला, तोंडं घट्ट मिटलेली.

शेवंताबाईंनी तिन्ही तुकडे बाहेर काढले आणि धुऊन खिडकीत ठेवले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आधारने कॅनमधून तीन बादल्या पाणी भरून आणलं, टाकीतलं तेवढं काढलं आणि नवं समुद्राचं पाणी कालवायला बसला.

कारण सापडलं ते भागाबाईंच्या कुरकुरीतून. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माठातलं पाणी पीत म्हणत होत्या की वैशाखात हाच माठ दात कळवायचा, आणि आता पाणी कोमट ते कोमटच. शेवंताबाई पोळी लाटत होत्या. त्यांचा हात थांबला. माठ पाझरतो, वरचं पाणी उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तरच पाणी उडणार. त्यांची टाकी म्हणजे पंखा लावलेला माठ होता. वैशाखातल्या कोरड्या झळांनीच ती गार ठेवली होती आणि हवा ओली झाल्यावर उडणंच थांबलं होतं. त्यांनी जाऊन वही काढली. मे महिन्यात रोज आठ लिटर उडत होते, या आठवड्यात जेमतेम दीड.

आपण सेल्वराजांच्या कागदावर नववी ओळ लिहायला पाहिजे होती, हे त्यांना कळलं. हवेतला ओलावा. जीवरामभाऊंनी प्रयोगशाळेतल्यासारखे दोन थर्मामीटर खिडकीबाहेर एका फळीवर बसवून दिले, एक उघडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. दोघांतलं अंतर भरपूर असेल तोवर पंखा पुरतो. अंतर कमी झालं की बर्फ. घरच्या फ्रिजच्या बर्फखान्यात पाण्याच्या सहा बाटल्या गोठवायच्या आणि पाळीपाळीने टाकीत सोडायच्या, बूच घट्ट लावून, म्हणजे गोडं पाणी आत मिसळायचं नाही. पुढच्या वर्षीपासून श्रावण ते आश्विन घरात कोणाला सरबतात बर्फ मिळाला नाही. पण द्रोणाने रंग धरला.

आता वाढ. जिवंत ठेवणं एक आणि दगड वाढवणं वेगळं. द्रोण चुना ओढणार, तर त्याला चुना द्यायला हवा. नुसता कालवला तर पाणी दुधासारखं होऊन खाली साका बसतो. शेवंताबाईंनी घरातला साधा उपाय धरला. लहान मुलांना देतात ती चुन्याची निवळी. चुना पाण्यात ढवळायचा, बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. मात्र चुना स्वच्छ पाहिजे. त्यांनी भुसावळ, बोदवड आणि जळगावच्या सात दुकानांतले नमुने आणून तपासले. गिरधर चुनेवाल्याच्या कळीच्या चुन्यात सगळ्यांत कमी कचरा निघाला. आपल्या चुन्याची परीक्षा झाली आणि तो पहिला आला, हे ऐकून गिरधरशेठ इतके खूश झाले की त्यांनी बाईंसाठी खडे निवडून बाजूला ठेवायला सुरुवात केली.

निवळी एकदम ओतली तर जीव भाजतो. ती थेंबाथेंबाने पडली पाहिजे. यावर तोडगा आधारने काढला. त्याने सलाईनची नवी नळी आणली, निवळीची बाटली भिंतीवरच्या खिळ्याला उलटी टांगली आणि चाक फिरवून मिनिटाला वीस थेंब बांधून दिले. रोग्याला लावतात तसंच. टाकीला सलाईन लावलंय हे बघायला कॉलनीतली माणसं आठवडाभर येत होती.

शेवंताबाई दर पौर्णिमेला द्रोणाचं वजन करायच्या. त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही. पाण्यातच बारीक नायलॉनच्या दोऱ्याने तराजूखाली लोंबता ठेवायचा आणि आकडा लिहायचा. पहिलं वर्ष जेमतेम फरक पडला. दुसऱ्या वर्षी कडेला पांढरी, पातळ, कोवळी रेघ दिसू लागली. रोज बघणाऱ्याला ती वाढलेली कळत नव्हती, पण वही सांगत होती. आणि वहीत एक गंमत होती. द्रोण सर्वांत जास्त वाढायचा चैत्र-वैशाखात. शेवंताबाईंनी दोन उन्हाळे खात्री करून घेतली. हवा कोरडी म्हणून पाणी भरपूर उडतं, पाणी उडतं म्हणून भरपूर भरता येतं, आणि भरायच्या पाण्यातून तेवढी जास्त निवळी देता येते. समुद्राकाठच्या ओल्या हवेत पाणी उडतच नाही. तिथे निवळी ओतली तर टाकी भरून वाहील. खानदेशाच्या ज्या उन्हाला सगळे भीत होते, त्याच उन्हावर त्यांचा दगड पोसला जात होता.

हे त्यांनी सेल्वराजांना पत्राने कळवलं. उत्तर आलं ते सौजन्याचं, पण त्यातून अविश्वास लपत नव्हता. वजनात चूक होत असेल, क्षार नुसताच वर बसत असेल, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवंताबाईंनी पुढच्या पत्रात चार वर्षांचे सगळे आकडे उतरवून पाठवले आणि खाली लिहिलं की मुंबईहून नागपूरकडे कधी जाणं झालं तर भुसावळला उतरावं, स्टेशनपासून आमचं घर रिक्षाने अर्ध्या तासावर आहे.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात सेल्वराज खरोखर उतरले. मुंबईची बैठक आटोपून ते नागपूरला निघाले होते. आधार त्यांना घ्यायला गेला. रिक्षातून दीपनगरला पोचेपर्यंत त्यांचा रुमाल भिजून चिंब झाला होता. भागाबाईंनी आधी पन्हं दिलं आणि खुणेनेच बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. टाकी कुठे आहे, एवढंच विचारलं.

खोलीत गेल्यावर ते टाकीपुढे उभे राहिले. द्रोण आता दोन्ही हातांची ओंजळ करावी एवढा झाला होता. एकात एक अशा दोन पाकळ्या, कडेला कोवळी पांढरी किनार, आणि भर दुपारी सगळी पिवळी तोंडं उघडलेली. सेल्वराजांनी बाही वर केली, परवानगी मागून हात पाण्यात घातला आणि बोटाने त्याची कड चाचपली. मग वाकून टेबलाखाली पाहिलं, टाकीच्या मागे पाहिलं. गार करायचं यंत्र कुठे ठेवलंय, म्हणाले. शेवंताबाईंनी टेबल फॅनकडे आणि खिडकीतल्या कूलरकडे बोट केलं. त्यांना ते खरं वाटेना. तेव्हा त्यांनी फळीवरचे दोन थर्मामीटर दाखवले. उघडा चाळीसवर होता, ओला बावीसवर.

सेल्वराज शास्त्रज्ञ होते, एवढं त्यांना पुरे झालं. ते स्टुलावर टेकले. नंतर त्यांनी खिळ्यावरची बाटली बघितली, थेंब मोजले, वहीची पानं शेवटापासून सुरुवातीपर्यंत उलटली. मेलेले तीन तुकडे खिडकीत होते, तेही हातात घेऊन पाहिले.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं," ते म्हणाले.

"चुकीचं नाही, सर," शेवंताबाई म्हणाल्या. "तुम्ही समुद्राकाठचं सांगितलं. इथली हवा इथे राहिल्याशिवाय कळत नाही."

रात्रीच्या गाडीने जायचं ठरवून आलेला माणूस दोन दिवस राहिला. भागाबाईंच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यांना इतकी आवडली की त्यांनी चार बांधून मागितल्या. जाताना ते वहीतल्या आकड्यांची नक्कल घेऊन गेले. त्यांनी सांगितलं की हे आकडे मी वाचून दाखवणार नाही, तुम्हीच येऊन दाखवायचे.

तसा योग पुढच्या वर्षी आला. कोचीनला समुद्रजीवांच्या अभ्यासकांची सभा होती, चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरात. म्हणजे नेमके ओल्या उकाड्याचे दिवस. शेवंताबाईंना एकटीने एवढ्या लांब जायला आधार नको म्हणत होता, तेव्हा दोघांनी जायचं ठरलं. मग टाकीकडे कोण बघणार? जीवरामभाऊ पाळी संपल्यावर संध्याकाळी येऊ शकत होते. दिवसभराचं काय, तर भागाबाई म्हणाल्या, मी आहे ना. त्यांना थर्मामीटर वाचता येत नव्हता. जीवरामभाऊंनी अठ्ठावीसच्या खुणेवर लाल धागा बांधला आणि समजावलं की पारा धाग्याला लागला की फ्रिजमधली एक बाटली आत, धाग्याखाली उतरला की बाटली बाहेर.

कोचीनच्या सभेत शेवंताबाई बारा मिनिटं बोलल्या. इंग्रजी पाठ केलेलं होतं, आकड्यांना मात्र पाठांतर लागलं नाही. प्रश्नांच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं की आपलं शिक्षण कोणत्या संस्थेत झालं. शेवंताबाईंनी सांगितलं, भुसावळच्या कॉलेजात, बीएस्सी, सेकंड क्लास, आणि विचारलं की आकड्यांबद्दल काही शंका आहे का. गृहस्थांना आकड्यांबद्दल शंका नव्हती. सभेनंतर कोणाकोणाला निवळीचं प्रमाण लिहून द्यायला त्यांना तासभर लागला.

नऊ दिवसांनी घरी आल्या तेव्हा त्यांनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत, थेट खोलीत गेल्या. टाकीसमोर सतरंजी अंथरलेली होती आणि भागाबाई तिच्यावर बसून शेंगा सोलत होत्या. द्रोण पूर्ण फुललेला होता. पारा धाग्याच्या एक रेघ खाली.

"तुन्हा दगड बरा शे," भागाबाई म्हणाल्या. "मन्ही पाठ तेवढी मोडी गई."

जीवरामभाऊंनी नंतर सांगितलं की म्हातारीने नऊ दिवस ती खोली सोडली नव्हती. त्यांनी संध्याकाळी येऊन बाटली टाकायला हात लावला तरी ती आधी धागा बघायला लावायची.

त्यानंतर द्रोणाने असा काही वेग धरला की शहाण्णव साल सरता सरता त्याची कड काचेला टेकली. तो जेवणाच्या ताटाएवढा झाला होता. एका बाजूची तोंडं काचेवर घासत होती, खालच्या पाकळीवर सावली पडून ती फिकट होत चालली होती. मोठी टाकी त्या खोलीत मावली नसती. सेल्वराजांनी पत्रात लिहिलं की समुद्रात वादळाने प्रवाळ मोडतो आणि त्याचा प्रत्येक तुकडा नवा वाढतो. तेव्हा मोडा.

आधारचा जीव धजेना. एवढ्या वर्षांचं आहे, म्हणाला, नीट वाढतंय तर हात कशाला लावायचा. शेवंताबाईंनी मात्र निर्णय घेऊन टाकला होता. वादळ जे करतं ते आपण मोजून मापून करू, एवढंच त्या म्हणाल्या. डिसेंबरातल्या गार सकाळी त्यांनी द्रोण समुद्राच्या पाण्याने भरलेल्या परातीत काढला, कडेवर पेन्सिलीने चार खुणा केल्या आणि जीवरामभाऊंची छिन्नी टेकवून हातोडी मारली. पहिल्या घावाला काहीच झालं नाही. दुसऱ्याला खापरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि वीतभर तुकडा सुटून आला. आतला दगड पांढराशुभ्र होता. शेवंताबाईंनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. हा सगळा गिरधरशेठच्या दुकानातला चुना, असं त्या आधारला म्हणाल्या, तेव्हा कुठे तो हसला.

पाच भाग झाले. मधला मोठा टाकीत परत गेला. तीन आठवड्यांत तुटलेल्या कडांवर साय चढली, पाचही ठिकाणी. एक तुकडा जीवरामभाऊंनी घेतला. बोदवडच्या घरी वीज जायची, म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर पंखा चालेल अशी जोडणी केली. दोन तुकडे टाकीतच दुसऱ्या कोपऱ्यात लागले. पाचवा शिरपूरच्या कॉलेजसाठी होता. भागाबाईंचा भाचा मोतीलाल तिथे जीवशास्त्र शिकवायचा आणि महिनाभर तो टाकी मांडून, पाणी बनवून वाट बघत होता.

तो तुकडा न्यायचा कोणी, यावर बोलणं चाललं असताना भागाबाईंनी लुगड्याची घडी पिशवीत भरली. माहेरी जाऊन चार वर्षं झाली होती, आणि डबा मांडीवर धरायला काही शिक्षण लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवंताबाईंना रजा नव्हती. आधार बरोबर गेला. स्टीलचा मोठा डबा, भोवती ओलं गोणपाट, आणि दर तासाला झाकण उघडून पंप सोडायचा. भुसावळहून जळगाव, तिथून चोपड्यावरून शिरपूर. एसटी खचाखच भरलेली. कंडक्टरने डबा खाली ठेवायला सांगितला तर भागाबाई ऐकेनात. शेजारच्या बाईने डब्यात काय आहे म्हणून विचारलं.

"दगड शे," भागाबाईंनी सांगितलं. "मन्ही सूननी वाढायेल शे. जित्ता शे."

ती बाई थोडी सरकून बसली, असं आधारने परत आल्यावर सांगितलं.

शिरपूरला तुकड्याने तिसऱ्या दिवशी तोंडं उघडली. कॉलेजची पोरं वर्ग सोडून बघायला येऊ लागली. भागाबाई आठ दिवसांसाठी गेल्या होत्या, त्या महिनाभर राहिल्या. मोतीलालच्या टाकीपाशी रोज जाऊन बसायच्या आणि कोणी काचेवर टिचकी मारली तर त्याला दटावायच्या. थर्मामीटरला लाल धागा त्यांनी स्वतः बांधून घेतला होता.

सत्त्याण्णवच्या एप्रिलात मोतीलालचं पत्र आलं. टाकी ठीक आहे, तुकड्याला कोवळी कड आली आहे. पण इथे पाणी रोज किती उडतं ते नेमकं कळत नाही, तेव्हा निवळी किती द्यावी? शेवंताबाईंनी पत्र वाचलं, प्रयोगशाळेत गेल्या, एका स्टीलच्या पट्टीवर त्याच्या टाकीच्या मापाने लिटरच्या खुणा कोरून घेतल्या आणि ती रजिस्टर पोस्टाने शिरपूरला पाठवून दिली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं की काचेला आतून चिकटव, सकाळी आणि संध्याकाळी बघ, आणि दोन आठवड्यांचे आकडे मला पाठव. मग सांगते.